अर्धी गोणी सिमेंट

गुडगाव
रविवार, ८ ऑक्टोबर २०००, सकाळी साडेसहा

गच्चीवरच्या बरसातीत राहणाऱ्या व्यक्तीस,
स. न. वि. वि.

स्टोव्हवर डाळ ठेवली आहे. ती शिजेपर्यंत हे पत्र लिहून पुरे करायचे असे ठरवले आहे. तुमचे नाव मला माहीत नाही. रावसाहेबकाका मराठी माणसाशिवाय कुणाला खोली देत नाहीत, म्हणून मराठीत लिहितो.

मी गुणवंत ढोके, मूळचा हिंगणघाटचा. बारावी पुरी झाली नाही. इथे एका छापखान्यात नव्या कंपन्यांच्या व्हिजिटिंग कार्डांचा मजकूर जुळवतो. तुम्ही राहता त्या गच्चीवरच्या खोलीत मी दीड वर्ष राहिलो, गेल्या महिन्यात सोडली. गच्चीवर जे सोलर पॅनल उभे आहे ते माझे आहे. काकांचे नाही. हे सांगण्यासाठी पत्र.

दिल्लीच्या द्वारकेत वीज किती वेळ असते ते तुम्हाला एव्हाना कळलेच असेल. गल्लीतला जनरेटरवाला एका ट्यूबचे महिन्याला शंभर घेतो आणि दहा वाजता बंद करतो. गेल्या वर्षी मी प्रगती मैदानावरच्या व्यापार मेळ्यात शेवटच्या दिवशी गेलो होतो. मांडलेला माल परत न्यायला नको म्हणून स्टॉलवाले त्या दिवशी स्वस्तात देतात. पॅनल, बॅटरी, दोन दिवे आणि एक छोटा पंखा असे सगळे मी घेतले. आपल्यासारख्या भाडेकरूला त्यात मोठा फायदा दिसला. खोली बदलली की पॅनल उचलायचे आणि नव्या गच्चीवर ठेवायचे. घर दुसऱ्याचे असले तरी उजेड आपला राहतो.

मी ते चार विटांवर उभे करणार होतो. काका वर आले. म्हणाले, वाऱ्याने उडून कुणाच्या डोक्यात पडेल, सिमेंटात बसव. माझ्याकडे सिमेंट नव्हते. त्यांच्या जिन्याखाली अर्धी गोणी उरली होती, ती त्यांनी दिली. मी आभार मानले आणि चारही पाय सिमेंटात बसवले. चूक तिथे झाली.

ह्या ऑगस्टमध्ये काकांनी भाडे तीनशेने वाढवले, कारण खोली आता सोलरवाली झाली. माझ्याच पॅनलचे भाडे माझ्याकडून. मी कुरकुर केली तर खोली रिकामी करायला सांगितले. पॅनल काढायला कधी येऊ हे विचारण्यासाठी मी छापखान्यातून फोन केला. ते भरभर बोलत गेले. सिमेंटात बसलेली वस्तू घराची होते, सिमेंट त्यांचे, फोडले तर गच्ची गळेल, समजले ना. मी हो म्हणालो. समोरचा भरभर बोलू लागला की माझ्या तोंडून हो निघते. म्हणून फोन सोडला आणि पत्रे लिहितो.

मला काकांवर सूड उगवायचा आहे. हे लपवत नाही. तुमच्याकडून एवढेच हवे की पॅनल चालू आहे का आणि त्यावर काय काय चालते ते कळवा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचे खारे पाणी घालू नका. बॅटरीशी माझे भांडण नाही.

हे पत्र काकांना दाखवू नये ही विनंती.

आपला,
गुणवंत ढोके


द्वारका
१९ ऑक्टोबर २०००

श्री. गुणवंत ढोके यांस,

तुमचं पत्र इंदुमतीकाकूंनी वर आणून दिलं. पाकिटावरचं अक्षर बघत दारात जरा उभ्या राहिल्या.

मी क्रांती, उदगीरची. आर. के. पुरमला एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. मे महिन्यात परीक्षा आहे, म्हणून संध्याकाळचा अभ्यास. सूड उगवायला निघालेला माणूस आधी पोस्टाचं तिकीट लावून कळवतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

पॅनल चालू आहे. त्यावर माझ्या खोलीतला एक दिवा लागतो. पंखा नाही, तो बिघडला असं काका म्हणाले. सातला लाईट जाते, सगळ्या गल्लीत जनरेटरचा धूर आणि धडधड सुरू होते, आणि मी खिडकी लावून पांढऱ्या उजेडात वाचत बसते. ह्या एका दिव्यासाठी मी ही खोली घेतली आणि त्याचे तीनशे जास्त देते. त्यामुळे तुमचा सूड माझ्या टेबलावर येऊन पडणार असेल तर मला आधी सांगा.

आता दुसरी गोष्ट. काका म्हणतात, तुम्ही दोन महिन्यांचं भाडं बुडवून रातोरात पळालात आणि पॅनल त्यांनी भाड्यापोटी ठेवून घेतलं. हे मला एकटीला नाही सांगितलं. कोजागिरीला मराठी मंडळाचे लोक गच्चीवर जमले होते, त्यांच्यासमोर सांगितलं. काकू दूध ओतत होत्या. काकांनी विचारलं, "काय गं, खरं ना?" त्यांनी मान डोलावली.

काका माझ्याशी चांगले वागतात. परवा माझा गॅस संपला तर स्वतः शेगडी वर आणून दिली. तुम्हाला मी पाहिलेलं नाही. तुम्हीच सांगा, मी कुणावर विश्वास ठेवायचा?

डिस्टिल्ड वॉटर घातलं. तेवढं तुमचं ऐकलं.

क्रांती


गुडगाव
मंगळवार, २४ ऑक्टोबर २०००, रात्री पावणेनऊ

क्रांती मॅडम,

कंदिलाची काच पुसत होतो तेव्हा तुमचे पत्र हातात आले. काच तशीच ठेवली आहे. आधी हे.

मी एक रुपयाही बुडवलेला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी भाडे काकूंच्या हातात दिले आहे. काका त्या वेळी फिरायला गेलेले असत. काकू नोटा मोजून देवघरातल्या डब्यात ठेवत आणि मला बशीभर पोहे देत. शेवटच्या महिन्याचेही असेच दिले. त्या दिवशी पोहे दिले नाहीत, पण भाडे घेतले.

पॅनल गेले तेव्हा राग आला होता. आता राग हा शब्द पुरत नाही. मंडळातल्या लोकांच्या लग्नपत्रिका आणि बारशाची कार्डे मी रविवारी घरी जुळवून देतो. मराठी शुद्ध छापून देणारा इकडे दुसरा कुणी नाही. ह्या महिन्यात दोन जणांनी दिलेले काम परत नेले. एक जण म्हणाला, पाहुण्यांकडून करून घेतो. दुसऱ्याने कारणही सांगितले नाही. कारण मला आज तुमच्या पत्रातून कळले. नुसते पॅनल नेले असते तर ते एक पॅनल गेले असते. त्यांनी माझे नाव नेले आहे.

तुम्ही विश्वासाचे विचारले. पॅनलच्या चार पायांपैकी पाण्याच्या टाकीच्या बाजूचा पाय पाहा. सिमेंट ओले असताना मी त्यावर खिळ्याने नाव आणि तारीख लिहिली होती. काका तेव्हा शेजारी उभे होते, हसले होते. वस्तू भाड्यापोटी हक्काने घेतली असेल तर ते नाव उघडेच असेल, झाकले असेल तर का झाकले ते तुम्हीच ठरवा. आणि वायर पाहा. त्या पॅनलवर माझे दोन दिवे आणि पंखा चालत होता. पंखा बिघडलेला नव्हता. तुमच्याकडे एकच दिवा लागत असेल तर बाकीची वीज कुठेतरी जात आहे.

आणखी एक सांगतो, मग काच पुसतो. पहिले सहा महिने काकांचा चहा वर माझ्या खोलीत होत असे. एकदा त्यांनी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो पाहिला. फोटो चांगला आहे म्हणाले. त्यानंतर चहाला कधी वर आले नाहीत. पॅनल लागल्यावर मात्र वर येऊ लागले, खोलीत नाही, गच्चीत.

कधी वाटते, येऊन पॅनलवर दगड घालावा. मला नाही तर त्यांनाही नाही.

गुणवंत


द्वारका
५ नोव्हेंबर २०००

गुणवंत,
सप्रेम जयभीम.

वाचून दचकला असाल. पूर्ण नाव क्रांती सोनकांबळे. इथे दारावर आणि काकांसाठी मी नुसती क्रांती एस. आहे, आणि माझा फोटो अजून बॅगेतच आहे. तुमच्यापेक्षा मी तीन-चार वर्षांनी मोठी असेन. मॅडम नको, ताई म्हणा.

टाकीच्या बाजूच्या पायावर तुळशीची कुंडी आहे. नवी कोरी. तुळशीला कुणी हात लावून सरकवणार नाही, हे काकांना पक्कं माहीत. मी सरकवली. खाली लिहिलं होतं: गु. ढो. २८-११-९९. ढ सुद्धा किती वळणदार काढला आहे तुम्ही, खिळ्यानं.

मग वायर बघितली. खोलीतल्या बॅटरीपासून एक वायर माझ्या दिव्याला येते. दुसरी खिडकीतून बाहेर पडते आणि पावसाच्या पाइपाच्या मागून खाली काकांच्या हॉलमध्ये जाते. तुमचा दुसरा दिवा त्यांच्या खुर्चीच्या वर आहे, पानिपतच्या त्या मोठ्या चित्राशेजारी. पंखा टीव्हीच्या बाजूला. पंख्यावर काकूंनी विणलेलं झाकण आहे.

आता दिवाळीचं ऐका. संध्याकाळी लाईट गेली. खाली पाहुणे होते, मलाही फराळाला बोलावलं होतं. काका उठले, बटण दाबलं आणि सगळ्यांकडे बघून हिंदीत म्हणाले, "हमारे यहाँ अंधेरा नहीं होता." लोकांनी वाहवा केली. मी पण केली. वर आले तर माझा दिवा निखाऱ्यासारखा लाल, आणि अर्ध्या तासात गेला. इतके दिवस मला वाटायचं बॅटरी जुनी झाली. तीनशे मी देते, बॅटरीला पाणी मी पाजते, आणि परीक्षेचं पुस्तक मेणबत्तीवर वाचते. बिल्कुल मूर्ख निघाले मी.

दगड नको. दगड घातलात तर काका चार घरी जाऊन फुटलेल्या काचा दाखवतील आणि तुम्ही खरंच चोर ठराल. पॅनल उचलून न्यायचं. कसं, ते तुम्ही सांगा. इथला जिना तुम्हाला माहीत आहे.

ह्यापुढे पत्र माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाका, मागे लिहिला आहे. आणि तुमच्या नव्या खोलीत ऊन येतं का हो? पॅनल कुठे ठेवणार?

क्रांती


गुडगाव
रविवार, १२ नोव्हेंबर २०००, दुपारी चार

क्रांतीताई,
सप्रेम जयभीम.

सदऱ्याचे बटण लावत होतो. ते अर्धेच राहू देतो, आधी पत्र लिहितो.

मी एक दिवस शोधून ठेवला आहे. चौदा जानेवारी. दर वर्षी त्या दिवशी मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या स्मारकावर जाते. काका अध्यक्ष, त्यामुळे घरातली सगळी जातात. गेल्या जानेवारीत मीही गेलो होतो, पाण्याचे कॅन आणि पुऱ्यांचे डबे उचलायला. काकांनी तिथे भाषण केले. परक्या मुलखात आपली माणसे एकमेकांना सोडून गेली म्हणून घात झाला, आज दिल्लीत आपण एकमेकांचा हात धरून राहिले पाहिजे, असे. माझे डोळे भरून आले होते. ते आठवले की आता स्वतःचीच चीड येते.

बस सकाळी सातला सुटते आणि अंधार पडल्यावर परत येते. घर दिवसभर रिकामे. आमच्या छापखान्याचा टेम्पो दामू चालवतो, तो येईल. अडचणी दोन आहेत. खालच्या लोखंडी दाराला कुलूप असते आणि किल्ली काकांच्या कमरेला. दुसरी, बॅटरी तुमच्या खोलीत आहे.

आणि एक तिसरी. तुमचा दिवा जाईल. त्याचे मला वाईट वाटते, पण मी थांबणार नाही. हे आधीच सांगितलेले बरे.

गुणवंत


आर. के. पुरम
२२ नोव्हेंबर २०००

गुणवंत,
जयभीम.

मेपर्यंत थांबा, परीक्षा होऊ द्या, असं लिहिणार होते. कागदही घेतला होता. तेवढ्यात काल काका वर आले. जानेवारीपासून सोलरच्या देखभालीचे आणखी शंभर द्यावे लागतील म्हणाले. देखभाल म्हणजे काय विचारलं तर म्हणाले, अगं, ऊन फुकट असलं तरी गच्ची फुकट नाही.

या चौदाला.

मला बसमध्ये बसावं लागेल. काकांनी माझं नाव यादीत घातलं आहे, हार घालायला एक मुलगी लागते म्हणे. खोलीला कुलूप लावणार नाही. खालच्या दाराचं मी बघते.

उन्हाचं मी विचारलं होतं, तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

क्रांती


गुडगाव
बुधवार, ३ जानेवारी २००१, सकाळी सहा

क्रांतीताई,

दात घासता घासता आठवले की तुमच्या पत्राला सहा आठवडे होत आले. मधल्या काळात मी दोन पत्रे टाकली. खालच्या दाराचे काय ठरले ते विचारले होते. उत्तर नाही.

मला झोप लागत नाही. एक शक्यता अशी की पत्रे हरवली. दुसरी अशी की तुम्ही काकांना सांगितले. त्यांनी तुमचे शंभर माफ केले असतील आणि चौदा तारखेला खाली पोलीस उभा असेल. तुम्हाला परीक्षा आहे, तुम्हाला दिवा हवा आहे, मी तुमच्या जागी असतो तर काय केले असते ते मला सांगता येत नाही.

तरी मी येणार. पकडलो गेलो तर मंडळातल्या सगळ्यांसमोर सांगीन की ते पॅनल कुणाचे आहे. तेवढे एक वाक्य मी आरशासमोर उभा राहून पाठ केले आहे.

गुणवंत


गुडगाव
सोमवार, १५ जानेवारी २००१, पहाटे पाच

क्रांतीताई,

बोटाला हळद लावून बांधली आहे, म्हणून अक्षर खराब येत आहे. माफ करा.

पॅनल माझ्याकडे आहे. बॅटरी, दिवे, पंखा, वायर, सगळे आहे. पण तुम्ही मला फसवलेत असे मला वाटते. काय झाले ते लिहितो, तुम्हीच ठरवा.

नऊच्या सुमारास आम्ही गल्लीत पोचलो. धुके होते. दाराला कुलूप नव्हते. मी कडी उघडली तर आत जिन्याच्या पहिल्या पायरीवर काकू बसल्या होत्या. अंगावर शाल, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. पाठ केलेले वाक्य विसरलो.

काकू म्हणाल्या, "किती उशीर केलास. मी सातपासून कुलूप काढून बसलेय."

हातातली छिन्नी मी पाठीमागे घेतली. त्या म्हणाल्या, "भाडं माझ्या हातात देत होतास तू. ते म्हणाले, लोकांना सांग बुडवलं म्हणून. मी चारचौघांत मान डोलावली. तेव्हापासून त्या दिव्याखाली मला घास गिळवत नाही. जा वर."

त्यांनी हॉलमधला दिवा आणि पंखा आधीच उतरवून ठेवला होता. पंख्यावरचे विणलेले झाकण काढून घेतले होते. मी आणि दामू वर गेलो. सिमेंट माझ्या अंदाजापेक्षा पक्के निघाले, तिथेच छिन्नी बोटावर बसली. चार पायांचे चार गोळे फोडून काढले तेव्हा गच्चीला चार खड्डे पडले, मुठीएवढे. खालचे डांबरही उखडले.

काकू गुडघ्यावर हात ठेवत वर आल्या. खड्ड्यांकडे पाहिले. विचारले, "बुजवून जाशील?"

माझ्या तोंडून नेहमीप्रमाणे हो निघाले असते. घशापर्यंत आले होते. मी म्हणालो, "नाही."

काकूंनी एक खडा पायाने खड्ड्यात ढकलला. मग म्हणाल्या, "बरं. खाली त्यांचा हॉल आहे."

निघताना मी सिमेंटचे चारही गोळे एका रिकाम्या गोणीत भरले आणि खालच्या दाराच्या आत, बरोबर मध्ये, ठेवले. माझ्या नावाचा गोळा सगळ्यात वर. काकूंनी चहा विचारला. मी घेतला नाही. तो घ्यायला हवा होता का, हे रात्रभर मनात आले.

आता माझा प्रश्न. काकू घरी राहणार हे तुम्हाला माहीत होते ना? मग मला का कळवले नाही? हे सगळे काकांनी ठरवून केलेले असते तर?

गुणवंत

ता. क. पत्र बंद करता करता बॅटरीची झाकणे उघडून पाहिली. सहाही घरांत पाणी बरोबर खुणेपर्यंत भरलेले आहे. हे काल सकाळीच कुणीतरी केले आहे. वरच्या ओळी खोडणार होतो, पण खाडाखोड केलेले पत्र मी कधी पाठवत नाही.


आर. के. पुरम
१८ जानेवारी २००१

गुणवंत,
जयभीम.

हो, माहीत होतं. कुलपाची किल्ली काकांच्या कमरेला, दुसरी काकूंकडे. दुसरा मार्गच नव्हता. मी डिसेंबरात त्यांना तुळशीची कुंडी सरकवून दाखवली. अक्षर ओळखीचं होतं त्यांच्या. त्या म्हणाल्या, माझा गुडघा चौदा तारखेला दुखेल. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही काकूंच्या पाया पडून, माफी मागून, पॅनल राहू द्या म्हणून परत गेला असता. खोटं सांगते का? म्हणून गप्प बसले. रागवा हवं तर.

पण तुम्ही अर्धंच पाहिलंत. उरलेलं माझ्याकडे आहे. नीट बसून वाचा.

बसमध्ये काकांनी मला शेजारी बसवलं. मी सोनिपतच्या आधीच सुरुवात केली. काका, तुमच्या सोलरबद्दल मंडळात सगळ्यांना किती कुतूहल आहे. मागच्या सीटवरच्या प्रभाताईंनी लगेच मान पुढे काढली. काकांना तेवढं पुरे होतं. पानिपत येईपर्यंत वॉट, बॅटरी, अमेरिका, सगळं सांगून झालं. मी म्हणाले, मग परत जाताना सगळ्यांनी तिळगुळ काकांकडेच घ्यायचा का? अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या.

स्मारकावर मी हार घातला. काकांनी भाषण केलं, तेच, आपली माणसं, परका मुलूख, एकमेकांचा हात. आपली माणसं म्हटल्यावर त्यात कोण कोण येतं ते मी उन्हात उभी राहून मोजत होते. माझ्यापर्यंत आकडा आला नाही.

सातच्या आसपास बस गल्लीत लागली. नेहमीप्रमाणे लाईट नव्हती. गार वारा, सगळे कुडकुडत होते. काका पुढे झाले, म्हणाले, "या, या. बाहेर अंधार असेल, आत नाही." दार उघडलं आणि तुमच्या गोणीला ठेचकाळले. पडले नाहीत, पण तोंडातून जी शिवी गेली ती काला अंबला शोभली असती. मग चाचपडत हॉलमध्ये गेले. बटणाचा आवाज आम्हाला ऐकू आला. खट. काही नाही. पुन्हा खट. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण ती खट मला अजून ऐकू येते.

चाळीस माणसं त्या अरुंद पडवीत अंधारात उभी. कुणीतरी मागून म्हणालं, "रावसाहेब, सोलर झोपलं का?" हशा झाला. तेवढ्यात काकू आतून मेणबत्ती घेऊन आल्या. काकांनी पायाखालची गोणी दाखवून विचारलं, हे काय आहे.

काकूंनी मेणबत्ती खाली धरली, तुमच्या नावावर. म्हणाल्या, "तुमचं सिमेंट. गुणवंत परत करून गेला. भाडं तर त्यानं कधी बाकी ठेवलंच नव्हतं, माझ्याच हातात द्यायचा दर महिन्याला."

मग काकूंनी तिळगुळाचा डबा पुढे केला आणि प्रत्येकाला म्हणाल्या, घ्या, गोड बोला. सगळ्यांनी घेतला. काकांनाही दिला. त्यांनी हातात धरून ठेवला.

जाताना प्रभाताईंनी मला हळूच विचारलं, तो मुलगा पत्रिका छापतो ना, कुठे असतो हल्ली? त्यांच्या मुलीचं लग्न मेमध्ये आहे. तुमचा पत्ता दिला आहे.

रात्री काका वर आले. तू ह्यात होतीस, म्हणाले. मी म्हणाले, काका, मी तर दिवसभर तुमच्या शेजारी बसले होते. महिनाअखेर खोली सोडायला सांगितली आहे. उत्तम नगरला तिसऱ्या मजल्यावर एक खोली बघितली, वर मोकळी गच्ची आहे. काकूंनी काल संध्याकाळी बशीभर पोहे आणून दिले, म्हणाल्या, त्याचे राहिले होते, तू खा.

आता तरी सांगा. तुमच्याकडे ऊन येतं का?

क्रांती


गुडगाव
मंगळवार, २३ जानेवारी २००१, रात्री आठ

क्रांतीताई,
सप्रेम जयभीम.

दामूच्या टेम्पोत भरायचे सामान सुतळीने बांधत होतो. शेवटची गाठ मारली आणि लिहायला बसलो.

माझ्याकडे ऊन येत नाही. माझी खोली तळमजल्यावर, आतल्या बाजूला आहे. खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या घराची भिंत आहे, आणि ह्या घराची गच्ची मालकाच्या म्हशींच्या गोवऱ्यांनी भरलेली असते. पॅनल आणून त्याचे काय करणार, हे मला पहिल्या पत्राच्या वेळीही माहीत होते. ते मला वापरायला नको होते. काकांकडे राहायला नको होते, एवढेच. ही गोष्ट चांगली दिसत नाही म्हणून तुम्हाला सांगत नव्हतो. गेले आठ दिवस पॅनल खाटेखाली आहे आणि मी कंदिलाखाली जेवतो. तुमचे पत्र मी त्याच कंदिलाखाली चार वेळा वाचले. बटणाची खट मला इथपर्यंत ऐकू आली.

प्रभाताईंच्या पत्रिकेचे काम आले आहे. त्यांनी आणखी दोन घरांची कामे आणून देते म्हटले आहे.

रविवारी दामू पॅनल उत्तम नगरला पोचवील. मेपर्यंत आणि नंतरही ते तुमच्याकडे राहू द्या. भाडे नको. एकच अट आहे. सोबत चार विटा पाठवतो, पाय त्यांवर ठेवा. नवा मालक कितीही गोड बोलला, सिमेंट फुकट देतो म्हणाला, तरी घेऊ नका. वाऱ्याची भीती वाटली तर पायाला दोरी बांधून टाकीला अडकवा. फोटो बॅगेतून काढलात की दिवा त्याच्या बाजूला लावा.

काल रात्री इकडे पाऊस झाला. हिवाळ्यातला, बारीक, पण पहाटेपर्यंत थांबला नाही. मी जागा राहून ऐकत होतो. द्वारकेतही पडला असेल. चार खड्डे आहेत, आणि त्यांतला एक मी मुद्दाम जरा खोल केला होता, बरोबर खुर्चीच्या वर येईल असा.

काकूंना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी चहा घेईन.

हिशेब लिहून ठेवतो.

पॅनल, बॅटरी, दोन दिवे, पंखा: ५८०० रुपये.
वायर आणि लोखंडी पाय: ४१०.
छिन्नी आणि हातोडा: १२०.
टेम्पो, रविवार धरून दोन फेऱ्या: ६००.
पाकिटे आणि तिकिटे: २४.
विटा चार: ८.
एकूण खर्च: ६९६२.

काकांचे देणे: अर्धी गोणी सिमेंट. परत केले.
काकांकडून येणे: क्रांतीताईंकडून दिव्यापोटी घेतलेले चार महिन्यांचे बाराशे आणि जानेवारीच्या देखभालीचे शंभर. अजून बाकी.

गुणवंत